चंद्राच्या पोस्टरचा जावक क्रमांक

दिनांक १२ जानेवारी २००४. रक्कम रुपये एकशे पासष्ट फक्त. त्यातले दीडशे प्रवेश शुल्काच्या ड्राफ्टसाठी आणि पंधरा बँकेच्या कमिशनसाठी. चंद्रा सावळाराम हरड हिने हे पैसे माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, "सर, ड्राफ्ट आजच निघेल ना? वीस तारखेच्या आत सगळं पुण्याला पोचायला पाहिजे."

"पोचेल," मी म्हणालो. "या ऑफिसातून गेलेला कागद आजवर उशिरा पोचलेला नाही."

ते खरं होतं. भिवंडीतल्या एका महाविद्यालयात मी मुख्य लिपिक आहे. बी.कॉम. झाल्यावर लागलो तो इथेच, आणि येत्या ऑक्टोबरात निवृत्त होईन. चंद्राबद्दल लिहिताना स्वतःबद्दल फारसं लिहू नये असं ठरवलं आहे. पण तिच्या गोष्टीत एका ठिकाणी मीच आडवा आलेला आहे, त्याला इलाज नाही.

चंद्राचं गाव अंबाडीच्या पलीकडे. वडील सावळाराम भिवंडीत लूम चालवायचे आणि आठवड्याने घरी जायचे. पुढे त्यांनी शेलारला खोली घेतली आणि बायकापोरांना आणलं. चंद्रा तेव्हा तेरा वर्षांची होती. सावळाराम कॉलेजात आले की माझ्यापाशी टेकायचे, त्यामुळे ही हकिगत मला त्यांच्या तोंडून कळली. त्यांच्या कारखान्यासाठी डिझाइन काढणारे नईम मास्तर माणूस शोधत होते. सावळाराम म्हणाले, "मास्तर, माझी पोरगी हाय. बोलत न्हाय, पण हात साफ हाय तिचा." मास्तर म्हणाले, "बोलनेवाली मुझे चाहिए भी नहीं. ले आओ."

काम असं असायचं. कापडात फूल यायचं तर ते आधी चौकोनी घरांच्या कागदावर काढावं लागतं. एक घर म्हणजे एक धागा, तो उचलायचा की खाली ठेवायचा. मास्तर पेन्सिलीने फुलाची कड काढायचे आणि आतली घरं बारीक ब्रशने लाल रंगात भरायचं काम चंद्राचं. तो कागद बघून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात आणि ते पत्ते लूमवर चढतात. एक घर चुकलं की ती चूक कापडात दर वितीला पुन्हा उमटत राहते, अख्ख्या थानभर, म्हणजे पूर्ण ताग्यात. मास्तर तिला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बेटी, एक खाना गलत, तो पूरा थान गलत."

नऊ वर्षं तिने ती घरं भरली. बारावी झाली, पुढे शिकायला पैसा नव्हता, ब्रश चालू राहिला. तिची एक सवय सावळाराम नक्कल करून दाखवायचे. कागद भरून झाला की ती तो जमिनीवर ठेवायची, स्वतः पाटावर उभी राहायची आणि डोळे अर्धे मिटून बघायची. "आय तिची म्हनते, पोरीला नजर लागली का काय! अगं बाय, ती नजर लावते हाय."

२००३ साली आमच्या महाविद्यालयाने संध्याकाळचा एक वर्षाचा कॉम्प्युटर डिप्लोमा सुरू केला. चंद्रा त्यात आली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि वर्गातली बाकी मुलं सतरा-अठराची, म्हणून सगळे तिला ताई म्हणायचे. शिकवायला देवेश तरे नावाचे तरुण सर होते, तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे. ती का आली हे तिने प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं. हाताने घरं भरायचं काम संपत चाललं होतं. मोठ्या कारखान्यांनी कॉम्प्युटर घेतले होते, नईम मास्तरही वर्षभरात घेणार होते. "मशीनवर कुणीतरी बसणारच, सर," ती म्हणाली. "मी बसले तर राहीन, नाही तर गेले."

त्या डिसेंबरात परिपत्रक आलं. पुण्याला कॉम्प्युटर ग्राफिक्सची मोठी परिषद भरणार होती आणि तिचं पोस्टर विद्यार्थ्यांकडून स्पर्धा घेऊन करून घेणार होते. पहिलं येईल ते पोस्टर छापलं जाणार आणि ते करणाऱ्याला पुण्यातल्या एका डिझाइनच्या स्टुडिओत सहा महिने पगारी उमेदवारी. देवेश सरांनी वर्गात वाचून दाखवलं. हात एकट्या चंद्राचाच वर झाला.

लॅब आमच्या ऑफिसाला लागून आहे. लोडशेडिंगमुळे पंखे बंद असले की मधलं दार उघडं असायचं आणि सगळं ऐकू यायचं. बॅटरीवर दोनच कॉम्प्युटर चालायचे, त्यातल्या एकावर चंद्रा. तिने खाडीच्या पाण्यात उभा असलेला बगळा काढायला घेतला होता, आणि तो नुसत्या चौकोनांचा. सहा हजारांवर चौकोन, एकेक हाताने रंगवलेला.

देवेश सर वैतागायचे. "अहो चंद्रा, फोटो टाका, सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये चौकोन पाडून देतं."

"पडलेले दिसतात ते, सर. बसवलेले दिसत नाहीत."

वर्गात रुचिका नावाची एक मुलगी होती, जिभेला हाड नसलेली. एकदा ती म्हणाली, "ताई, तुमचा बगळा कोंबडीसारखा दिसतोय."

"मागे सरकून बघ."

"हं, बघितलं."

"अजून मागे."

"अहो, भिंत आली!"

"मग भिंतीला टेकून बघ."

मग रुचिका ओरडली, "अय्या, पाणी हलतंय!" आणि सगळा वर्ग भिंतीकडे धावल्याचा आवाज आला. मीही पेन ठेवून दारापर्यंत गेलो होतो, पण आत गेलो नाही. मला वाटलं, चित्रातलं आपल्याला काय कळतं.

पंधरा तारखेला चंद्राने ठाण्याहून छापून आणलेलं पोस्टर माझ्याकडे दिलं. जाड काळ्या बोर्डावर चिकटवलेलं, वर पातळ कागद. सोबत माहितीचं बंद पाकीट. ती सावकाश म्हणाली, "सर, वाकणार नाही एवढं बघा." मी म्हणालो, "तू निर्धास्त जा."

परिपत्रक चार पानांचं होतं. मी पहिलं पान वाचलं होतं, कारण पत्ता, तारीख आणि शुल्क त्यावर होतं आणि तेवढंच माझं काम. बाकीची तीन पानं विद्यार्थ्यांसाठी आहेत असं धरून मी ती फाइलला लावली होती.

काही वर्षांपूर्वी क्रीडा स्पर्धेचे आमचे अकरा अर्ज 'संस्थेचा शिक्का नाही' म्हणून परत आले होते. मुलांचं नुकसान झालं आणि प्राचार्यांसमोर माझी मान खाली गेली. तेव्हापासून माझा नियम होता की शिक्का आणि जावक क्रमांक नसलेला कागद ऑफिसाबाहेर जायचा नाही. म्हणून मी पातळ कागद बाजूला केला आणि शिक्क्याची गादी उघडली.

आमचा शिपाई राघो पार्सलला दोरी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "साहेब, चित्रावर शिक्का?"

"मग कशावर मारू? तुझ्या कपाळावर?"

"तसं न्हाय. मागं मारा की."

मी पोस्टर उलटं करून शिक्का टेकवून बघितला. मागचा बोर्ड काळा आणि गुळगुळीत, शाई त्यावरून ओघळली. पुन्हा सुलटं केलं. डावीकडे चौकोन दाट होते, उजवीकडे येता येता विरळ होत गेले होते आणि अगदी खाली उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा पांढरी होती. त्यात काहीच नव्हतं.

"हे बघ," मी राघोला म्हणालो. "पोरगी ऑफिसात काम करण्याच्या लायकीची आहे. शिक्क्याला जागा सोडलीय."

त्या जागेवर मी महाविद्यालयाचा गोल शिक्का मारला. सरळ बसला, एकही अक्षर पुसट आलं नाही. खाली निळ्या पेनाने लिहिलं, जा. क्र. ६१२, दि. १५-१-०४, आणि माझी सही केली. शाई सुकेपर्यंत फुंकर घातली. हे सगळं करताना मला समाधान वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

नऊ मार्चला पुण्याहून पाकीट आलं. प्राचार्यांच्या नावे, पण विद्यापीठाची समिती येणार म्हणून प्राचार्य त्या गडबडीत होते आणि सगळं टपाल मीच फोडत होतो. आत दोन कागद होते. एक निकालाची यादी, तीन नावांची. दुसरं पत्र. त्यात लिहिलं होतं की आपल्या महाविद्यालयाची प्रवेशिका पहिल्या फेरीत परीक्षकांनी एकमताने पहिल्या क्रमांकावर ठेवली होती. परंतु तिच्या दर्शनी भागावर संस्थेचा शिक्का, क्रमांक व सही आढळल्यामुळे, नियम सहाप्रमाणे ओळख उघड झाल्याच्या कारणास्तव ती बाद करावी लागली. परीक्षकांना याचं वाईट वाटतं. सदर विद्यार्थिनीने पुढील वर्षी अवश्य प्रवेशिका पाठवावी, तिच्याकडून शुल्क घेतलं जाणार नाही आणि महाविद्यालयात शिकत नसली तरी चालेल.

मी फाइल काढली. तिसऱ्या पानावर सहावा नियम होता, ठळक अक्षरांत. पोस्टरच्या दर्शनी भागावर नाव, संस्था, शिक्का किंवा कोणतीही खूण असू नये.

आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या पत्रांच्या नोंदवहीत, मी विषय लिहिला, 'पोस्टर स्पर्धेबाबत'. पत्र खणात ठेवलं. उद्या प्राचार्यांना दाखवू असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी समिती होती. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी समितीसमोर माझ्या बारनिशीचं कौतुक केलं आणि पाहुण्यांनी ती हातात घेऊन चाळली. देवेश सरांना सांगावं तर ते फेब्रुवारीअखेर नोकरी सोडून बंगळूरला गेले होते.

त्याच संध्याकाळी चंद्रा आली.

"सर, पुण्याहून काही?"

"यादी आलीय." मी तिच्यापुढे यादी सरकवली.

तिने ती दोनदा वाचली. तीन नावं वाचायला तेवढा वेळ लागत नाही. "पहिल्या तिघांतपण नाही," ती म्हणाली. मग विचारलं, "सर, काही लिहिलं नाही का त्यांनी? काय कमी पडलं ते?"

पत्र माझ्या पोटाशी असलेल्या खणात होतं. खणाला किल्लीही लावलेली नव्हती.

"अशा ठिकाणी तसं लिहीत नाहीत," मी म्हणालो.

"हो, किती जणांना लिहिणार," ती म्हणाली. यादी तिने नीट घडी घालून परत दिली आणि जाताना "ड्राफ्ट वेळेत गेला त्याबद्दल थँक्यू, सर" असंही म्हणाली.

एप्रिलमध्ये नईम मास्तरांनी कॉम्प्युटर घेतला. हे मला स्वतः मास्तरांनीच सांगितलं, त्यांच्या मुलाचा दाखला न्यायला आले होते तेव्हा. "मैंने बोला, बेटी, तेरे लिए ही लिया है, आके बैठ. तर म्हणते, नाही चाचा, माझी नजर कच्ची आहे. मोठ्या लोकांनी तपासली, कच्ची निघाली. नऊ साल मेरे पास काम किया, एक खाना गलत नहीं. किसने बोला उसको? तुम्हारे कॉलेज में किसी ने कुछ बोला क्या?"

"माहीत नाही," मी म्हणालो आणि दाखल्यावर शिक्का मारला.

डिप्लोमा तिने पूर्ण केला, पहिल्या वर्गात. पुढच्या डिसेंबरात पुण्याचं नवं परिपत्रक आलं. मी त्याची चारही पानं वाचून ते नोटीस बोर्डावर लावलं. चंद्रा तेव्हा कॉलेजात नव्हती. तिचा शेलारचा पत्ता रजिस्टरमध्ये होता. पाच रुपयांचं पाकीट पुरलं असतं. ते परिपत्रक महिनाभर बोर्डावर राहिलं आणि मग मीच टाचण्या काढून ते उतरवलं.

या एप्रिलपासून मी फाइली सोपवायला लागलो. माझ्या जागी म्हात्रे आडनावाची मुलगी येणार आहे, हुशार आणि प्रत्येक कागद वाचणारी. खणातलं ते पत्र मी पुढे 'इतर' या फाइलला लावलं होतं, ते तिने काढलं.

"सर, हे इथे कसं? आणि यावर कार्यवाही काय झाली ते लिहिलेलं नाही."

"काही झाली नाही."

तिने पुन्हा वाचलं. "पण या मुलीला कळवलं होतं ना?"

मी चष्मा पुसत होतो. ती दुसऱ्यांदा विचारेल असं वाटलं, पण तिने पत्र माझ्या समोर ठेवलं आणि पुढची फाइल घेतली. माझ्या मुलीहून ती लहान आहे. त्या दुपारी मला तिच्याकडे बघता आलं नाही.

सावळाराम शेलारलाच राहतात. त्यांच्याकडून कळलं की चंद्रा अंजूरच्या एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून मी गेलो. भाताच्या खाचरांना लागूनच पत्र्याची गोडाऊनं उभी आहेत. तिचं सापडायला वेळ लागला नाही. गेटवरचा माणूस म्हणाला, "दीदी? अंदर, नक्शे के पास."

नकाशा म्हणजे भिंतीवरचा मोठा चौकोनी घरांचा कागद होता. गोडाऊनमधली प्रत्येक जागा त्यावर एक घर, आणि माल कुठला त्याप्रमाणे रंग. माल उचलणाऱ्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तिने हे केलं होतं. एक जण खोका खांद्यावर घेऊन विचारत होता, "दीदी, कहाँ?" ती म्हणाली, "हरा, तिसरी लाइन. कालच्यासारखं पिवळ्यात टाकलंस तर तुलाच पिवळ्यात टाकीन." तो हसत गेला.

मला बघून ती उठली. "सर! तुम्ही इथे? पाणी आणू?"

"आधी हे वाच," मी म्हणालो.

मूळ पत्र ऑफिसाबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी झेरॉक्स आणली होती. तिने उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. मध्ये एकदा तारखेकडे बघितलं. मग खाली नजर गेली आणि ती एकदम हसली.

"सर, ह्याच्यावरपण शिक्का!"

मी बघितलं. झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का होता आणि खाली माझी सही. सकाळी कधी मारला ते मला आठवतही नव्हतं. तिचं हसू थांबलं.

"पोस्टरवर कुठे मारला होता?"

"खाली. उजवीकडे."

"पांढऱ्यात?"

"हो. मला वाटलं, शिक्क्यासाठी सोडलीय."

ती नकाशाकडे बघत राहिली. "तो कोपरा रिकामा ठेवायला मला अकरा दिवस लागले, सर. रोज काहीतरी भरायची, रोज काढायची. भरायची सवय ना. बाराव्या दिवशी हात आवरला."

मी म्हणालो, "चूक माझी होती. मी नियम वाचला नव्हता."

"ते होतं हो," ती म्हणाली. "माझ्याकडून काल सत्तर खोके चुकीच्या गाडीत गेले. शिक्क्याचं काय एवढं. पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुमच्यासमोर उभी राहून विचारलं होतं, काय कमी पडलं. मला वाटायचं, पुण्याच्या लोकांना बगळा दिसलाच नाही. नुसते चौकोन दिसले. म्हणजे मलाच दिसत होता, बाकी कुणाला नाही. नईमचाचा बोलवायला आले तर मी त्यांना माघारी पाठवलं. त्यांचं सूत कशाला वाया घालवा म्हटलं. पाच वर्षं मी कशाकडे नीट बघितलं की मागून वाटतं, आपल्याला काय कळतंय."

"मला माफ कर, चंद्रा."

"माफ केलं म्हणू? म्हटलं की तुम्ही घरी जाऊन निवांत झोपाल." ती हे रागाने म्हणाली नाही. "आत्ता नाही म्हणवत, सर. खोटं कशाला बोलू."

बाहेर ट्रकने हॉर्न दिला आणि कुणीतरी "दीदी, गाडी लगी!" म्हणून ओरडलं. तिने पत्राच्या चार घड्या घातल्या आणि ते ड्रेसच्या खिशात ठेवलं. मी विचारलं, नईम मास्तरांकडे मी जाऊन सगळं सांगू का. ती म्हणाली, "त्यांनी कधीच दुसरा माणूस ठेवला. आता सांगून त्यांना कशाला त्रास. आणि सांगायचं झालं तर मी सांगेन. माझं आहे ते." मग वही घेऊन ती ट्रककडे निघाली. जाताना म्हणाली, "चला, तुम्हाला रिक्षात बसवते. इथून लवकर मिळत नाही."

गेटवर काळूराम नावाचा रिक्षावाला शेअरची सीट भरत होता. माझ्याकडे पाचशेची नोट होती. तो म्हणाला, "काका, एवढ्या सकाळी सुट्टे कुठनं आणू?" दुपारचे बारा वाजले होते आणि बाकीच्या सीटवाल्या बायका हसल्या. चंद्राने वहीच्या मधून सुट्टे काढून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "सरांना कोर्टाजवळ सोड, अलीकडे नको." माझ्याकडे न बघता ती आत गेली.

याला आता दोन महिने झाले. म्हात्रेने त्या पत्रासमोर कार्यवाहीच्या रकान्यात काय लिहायचं असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, 'पाच वर्षांनी कळवले' असं लिही. तिने लिहिलं. अंजूरला मी पुन्हा गेलेलो नाही. रिक्षाचे बारा रुपये झाले होते. ते मी चंद्राला अजून दिलेले नाहीत.